अनसूयाताईंच्या मनगटावरचा ससाणा

उज्जैनचे शैलेंद्र जामदार विमा कंपनीतून निवृत्त झाले, तेव्हा ऑफिसने त्यांना शाल, नारळ आणि कंपनीचं चिन्ह छापलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं. शाल त्यांच्या बायकोने, वासंतीने, गाडीच्या मागच्या सीटवर अंथरली. नारळाची चटणी झाली. घड्याळाबद्दल मात्र जामदारांचं मत फारसं बरं नव्हतं. "ही दरवर्षी ठोकमध्ये येतात," ते म्हणाले. "टेंडर मीच काढायचो." त्यामुळे ते घड्याळ स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वरच्या भिंतीवर गेलं. फोडणीचा धूर बरोबर तिथपर्यंत पोचतो.

जामदारांचं आडनाव शिंदेशाहीतलं. जामदारखाना म्हणजे राजाचे उंची कपडे, दागिने, शस्त्रं ठेवायची जागा, आणि ती सांभाळणारे ते जामदार. पुढे शिंद्यांनी आपलं ठाणं ग्वाल्हेरला नेलं, जामदारखाना गाड्यांवर लादून गेला आणि हे जामदार उज्जैनातच राहिले. का राहिले, याबद्दल घरात दोन मतं होती. शैलेंद्ररावांच्या मते महाराजांनी त्यांना मुद्दाम इथली व्यवस्था पाहायला ठेवलं. वासंतीच्या मते गाडीत जागा उरली नसावी. महाराजांनी स्वतःच्या हातांनी मूळपुरुषाच्या खांद्यावर शेला घातला होता, असंही घरात सांगत. तो शेला कोणी पाहिलेला नव्हता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात जामदार गोपाल मंदिराजवळच्या एका जुन्या दुकानात आपल्या घड्याळाचा पट्टा बदलायला गेले. दुकानदाराने खणातून सहज एक घड्याळ काढून दाखवलं. पांढऱ्या तबकडीवर, बाराच्या आकड्याखाली, सोनेरी मुकुट आणि दोन खजुराची झाडं. "ये उधर के राजा का है, बाबूजी," दुकानदार म्हणाला. "खाड़ी से आया है." जामदारांनी ते हातात घेतलं आणि पट्टा बदलायचा विसरून घरी आले.

मग त्यांनी मोबाइलवर सगळं शोधून काढलं. तेल निघाल्यावर खाडीतले, म्हणजे आखातातले, राजे आणि शेख स्वित्झर्लंडच्या कंपन्यांकडून खास घड्याळं बनवून घ्यायचे. आतलं यंत्र नेहमीचंच, पण तबकडीवर राजचिन्ह किंवा राजाची सही. जगभर लोक ही घड्याळं जमवतात, आणि भाव यंत्राला नसतो, तबकडीला असतो, हे कळल्यावर जामदारांना फार समाधान वाटलं. यंत्र कोणीही बनवतं, मुद्रा राजाचीच लागते.

तीन-चार वर्षांत त्यांच्याकडे दहा-बारा घड्याळं झाली. काही भोपाळहून आली, काही हैदराबादहून. बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट आलं, त्यात निळी मखमल आली. त्यातलं एकही घड्याळ जामदार कधी हाताला लावत नसत. निहारिका, त्यांची मुलगी, सुटीला आली की म्हणायची, "बाबा, एक तरी घालून बघा न." त्यावर ते म्हणत, "राजाची वस्तू घालायची नसते. सांभाळायची असते." वेळ ते मोबाइलमध्ये बघत.

त्यांना मनापासून हवं होतं ते एकच घड्याळ. एका चिमुकल्या अमिरातीच्या शेखांनी ते एकदाच बनवून घेतलं होतं. हिरवी तबकडी, तिच्यावर पंख पसरलेला ससाणा आणि ससाण्याच्या पायाशी शिडाचं गलबत. फोटो त्यांनी मोठा करून करून पाहिला होता. पण प्रत्यक्षात ते घड्याळ विकायला काढलेलं कुठे दिसत नव्हतं.

ते दिसलं टावर चौकात, भाजीच्या गाड्यावर. जामदार मेथी निवडत होते. शेजारून एक हात पुढे आला, त्याने दुधी उचलला, नख लावून पाहिला आणि परत ठेवला. त्या हाताच्या मनगटावर ससाणा होता. गलबतही होतं. काचेवर कणकेचा वाळलेला ठिपका होता.

हात होता एका उंच, सडसडीत, पंचाहत्तरीच्या बाईंचा. पांढरे केस, आखूड वेणी. त्या नानाखेड्याला जाणाऱ्या मॅजिक टेम्पोकडे निघाल्या, तसे जामदार मेथी तिथेच टाकून मागे गेले. थोडं अंतर गेल्यावर बाई थांबल्या आणि वळल्या.

"काय हवंय?"

"किती वाजले?" ते म्हणाले.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "पावणेबारा. तिथे टावरच्या घड्याळात पण दिसतं."

मग जामदारांनी आपलं नाव सांगितलं, छंद सांगितला आणि एका दमात विचारून टाकलं, हे घड्याळ विकाल का. बाई म्हणाल्या, "नाही. मग मी वेळ कशात बघू?" आणि मॅजिकमध्ये बसल्या.

बाईंचं नाव अनसूया मुळे. हे वासंतीने दुसऱ्या दिवशी दोन फोन करून शोधून काढलं, कारण उज्जैनातल्या मराठी माणसाचा पत्ता लागायला दोनच फोन पुरतात. अनसूयाताई नर्स होत्या. इंदूरला शिकल्या आणि तरुणपणी खाडीत गेल्या. त्याच अमिरातीच्या सरकारी दवाखान्यात जवळजवळ वीस वर्षं काढून परत आल्या. लग्न केलेलं नव्हतं. नानाखेड्यात तळमजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहत.

जामदारांनी ठरवलं की घाई करायची नाही. आधी ओळख वाढवायची, मग विषय काढायचा. त्या गुरुवारी ते नानाखेड्याला गेले, तर ताईंचा सिलिंडर संपलेला होता. जामदारांनी तो आणून दिला. पुढच्या गुरुवारी बँकेत त्यांचं केवायसी अडलं होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी पंप बिघडला. वासंती डबा द्यायची, कधी साबुदाण्याची खिचडी, कधी थालीपीठ. अनसूयाताई डबा घासून, पुसून, त्यात चार शेंगदाण्याचे लाडू घालून परत पाठवायच्या. घड्याळ दर गुरुवारी समोर असायचं. त्या कुकरची मिनिटं त्याच्यावर मोजत, त्याच हाताने भांडी घासत. विषय काढायची योग्य वेळ अजून आली नव्हती.

वर्ष गेलं. दुसरंही गेलं. कॉलनीतले लोक म्हणायला लागले की नात्याचे ना गोत्याचे, पण जामदारसाहेबांसारखं आजकाल कोण करतं. जामदार हात जोडत. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं, आणि ते सांगा असं कोणी म्हणतही नव्हतं.

मग अनसूयाताईंच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. इंदूरला न्यायचं, आणायचं, पुन्हा तपासणीला न्यायचं, हे सगळं जामदारांनी केलं. शेवटच्या तपासणीहून परत येताना ताई खुशीत होत्या. जामदारांना वाटलं, आता.

"ताई, एक विचारू का? ते घड्याळ तुम्हाला मिळालं तो प्रसंग कसा होता? म्हणजे शेखसाहेबांनी दिलं तेव्हाचा."

"शेखसाहेबांनी कुठे? स्टोअरमधून मिळालं."

जामदारांनी गाडीचा वेग कमी केला.

"त्यांचा राष्ट्रीय दिवस असायचा," ताई सांगू लागल्या. "सगळ्या स्टाफला काहीतरी वाटायचे. आम्ही रांगेत उभं राहायचं. टेबलावर एक क्लार्क बसलेला. सही करायची, डबा घ्यायचा, पुढे व्हायचं. सफाईवाल्या बायका, ड्रायव्हर, डॉक्टर, सगळ्यांना एकच. त्याच्या आदल्या वर्षी इस्त्री दिली होती. खरं सांगू, ती जास्त चांगली होती. अजून चालते. हे घड्याळ रोज चार मिनिटं मागे पडतं."

"पण शेखसाहेब तिथे आले असतील न?"

"मी पाहिलंच नाही त्यांना कधी. फोटोत पाहिलं. फोटो मात्र सगळीकडे होते, रक्त तपासायच्या खोलीत पण."

वाटेतलं सांवेर मागे पडेपर्यंत जामदारांनी गाडी तशीच हळू चालवली.

घरी आल्यावर त्यांनी वासंतीला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "मग त्यात काय," ती म्हणाली आणि लाटण्याने फ्रिजच्या वर दाखवलं. "तुमचं पण तसंच की."

जामदारांना ही तुलना अजिबात आवडली नाही. ते बाहेरच्या खोलीत गेले आणि कपाटातली घड्याळं एकेक करून पाहत बसले. ही सगळी कोणी कोणी रांगेत उभं राहून घेतली असतील, असं त्यांच्या मनात आलं. ते त्यांनी मनातून काढून टाकलं.

भाद्रपदात मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांचं व्याख्यान ठरलं. विषय होता 'राजमुद्रा आणि मनगट'. मंडळाचे सचिव विष्णू आपटे यांनी अर्धा तास दिला होता, कारण नंतर महिलांचा पाककृती स्पर्धेचा निकाल होता. जामदारांनी मखमलीसकट घड्याळं आणली. अनसूयाताईंनाही तेच गाडीतून घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसवलं.

व्याख्यान जमेना. जामदार स्विस कंपन्यांबद्दल बोलत होते आणि लोकांचं लक्ष मागच्या टेबलावर होतं. तिथे स्पर्धेचे पदार्थ झाकून ठेवले होते. दोघेजण उठून गेले. आपटे आपल्या घड्याळाकडे बघायला लागले, आणि त्यावर वेळेशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा जामदार म्हणाले, "आपल्यामध्येच आज एक अशा ताई बसलेल्या आहेत, ज्यांच्या मनगटावर खुद्द शेखसाहेबांनी, स्वतःच्या हातांनी, हे राजचिन्ह बांधलं."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि सभागृह शांत झालं. आपट्यांनी लगबगीने ताईंना वर नेलं आणि त्यांच्या हातात माइक दिला.

अनसूयाताईंनी जामदारांकडे पाहिलं. जामदार जमिनीकडे पाहत होते.

"हो," ताई म्हणाल्या. "त्यांचे हात फार थंड होते."

मागच्या टेबलाजवळचे लोक पुढे आले.

"मी नर्स. मला तर लगेच लक्षात आलं. मी म्हटलं, हुजूर, एकदा बीपी तपासून घ्या. सगळे दरबारी घाबरले. पण ते हसले. म्हणाले, सिस्टर, तुम्ही उद्या या."

टाळ्या बराच वेळ चालल्या. पाककृतीचा निकाल उशिरा लागला आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

परत जाताना गाडीत जामदारांनी हळूच विचारलं, "ताई, तुम्ही असं का सांगितलंत?"

"तुम्हीच वर बोलावून घेतलं," ताई म्हणाल्या. "आता चार लोकांत तुम्हाला खोटं पाडू? मोतीबिंदूच्या वेळेस तुम्ही किती फेऱ्या मारल्या." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "बीपीचं बरं सुचलं न?"

तिथे थांबलं असतं तर ठीक होतं. पण एका स्थानिक हिंदी पेपरात फोटो आला, 'शेख ने खुद बाँधी घड़ी'. मग शाळेत बोलावणं आलं, मग महिला मंडळात, मग ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीत. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांचं ताप-पाणी पाहिलं, त्यांना आता शाल मिळायला लागली. गोष्ट बहरत गेली. दिवाळीपर्यंत शेखांनी ताईंच्या हातचं वरण खाल्लं होतं. संक्रांतीपर्यंत असं निघालं की त्यांना उज्जैनचं नाव आधीपासूनच माहीत होतं. प्रत्येक कार्यक्रमाला त्यांना नेणं-आणणं जामदारांकडेच होतं. ते शेवटच्या रांगेत बसून ऐकत. सगळ्या शहरात खरं काय ते माहीत असलेले ते एकटेच, वासंती सोडली तर, आणि वासंती अशा कार्यक्रमांना जात नसे.

फाल्गुनात पुण्याहून अनिल सबनीस यांचा फोन आला. हे मोठे संग्राहक, या घड्याळांच्या व्यवहारात सगळ्यांना माहीत असलेलं नाव. पेपरातला तो फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचला होता. ससाण्याचं घड्याळ पाहायला ते मुद्दाम उज्जैनला येणार होते. "तुम्ही बरोबर असलात तर बरं होईल," ते जामदारांना म्हणाले. "तुमचा त्यांच्याशी घरोबा आहे म्हणे."

जामदारांचे ते चार दिवस वाईट गेले. खरं सांगून टाकलं, तर सबनीसांचा रस संपेल आणि घड्याळ उज्जैनातच राहील. पण मग मंडळात, शाळेत, सहलीत सगळीकडे माहीत पडेल की पहिली थाप कोणी मारली. गप्प राहिलं, तर घड्याळ पुण्याला जाणार. विचार करून करून त्यांनी गप्प राहायचं ठरवलं. अब्रू आणि ससाणा यांत त्यांनी अब्रू निवडली, आणि आपण मोठा त्याग करतोय असं त्यांना वाटलं.

सबनीस आले. पन्नाशीचे, बोलायला साधे. अनसूयाताईंनी पोहे केले, वर शेव आणि जिरावण मसाला घातला. पोहे झाल्यावर सबनीसांनी खिशातून भिंग काढलं आणि घड्याळ खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं. "तबकडी अस्सल आहे," ते म्हणाले. "कुठेही पुन्हा रंगवलेली नाही. आणि ताई, शेखांनी हे स्वतः बांधलं तुमच्या हाताला?"

अनसूयाताईंनी पुन्हा एकदा जामदारांकडे पाहिलं. जामदार पोह्यांच्या रिकाम्या बशीत शेव शोधत होते.

"नाही हो," ताई म्हणाल्या. "ते सभेत सांगायचं. रांगेत मिळालं." आणि त्यांनी क्लार्क, सही, इस्त्री, सगळं सांगितलं.

सबनीस भिंग खाली ठेवून हसायला लागले. "ताई, मी पंधरा-सोळा वर्षं ही घड्याळं घेतोय. आजवर भेटलेलं प्रत्येक घड्याळ राजाने स्वतः बांधलेलं. राजे हेच करत बसले असते तर राज्य कोणी चालवलं असतं? स्टोअरमधून मिळालं असं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. रांग कुठे होती? क्लार्क कुठला होता? सगळं सांगा, मी रेकॉर्ड करून घेतो. असं कोणाकडेच नाही."

क्लार्क सोलापूरचा होता. त्याचं नाव, टेबल, रांगेत ताईंच्या पुढे उभी असलेली त्यांची मैत्रीण अन्नम्मा, सगळं ताईंना आठवत होतं. त्यांनी तासभर सांगितलं. मग हातातून घड्याळ काढलं, ओढणीने पुसलं आणि सबनीसांना दिलं. व्यवहार त्यांनी दोन वाक्यांत ठरवला. सबनीसांनी घासाघीस केली नाही.

सबनीस गेल्यावर जामदार उठेनात.

"ताई," ते म्हणाले, "मी मागितलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"तुम्ही कधी मागितलं?"

"टावर चौकात."

"ते तर रस्त्यात. रस्त्यात अनोळखी माणूस मागे लागून घड्याळ मागतो, त्याला कोण हो म्हणतं? नंतर तुम्ही घरी आले. मी म्हटलं, आता विचारतील, मग विचारतील. तुम्ही सिलिंडर आणत राहिले." त्यांनी बश्या उचलल्या. "आणि मला आता मोठे आकडे लागतात. हे हिरवं-हिरवं काही दिसत नाही. येत्या गुरुवारी मला एक मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणून द्या. चिन्ह-बिन्ह नको."

घरी हे ऐकून वासंती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "अहो, पहिल्याच महिन्यात दिलं असतं त्यांनी, तर तुम्ही परत गेले असते का?"

जामदारांनी खरंच विचार केला. "नसतो गेलो," ते म्हणाले.

"मग झालं तर," वासंती म्हणाली. म्हणजे नेमकं काय झालं ते त्यांना कळलं नाही.

मोठ्या आकड्यांचं घड्याळ त्यांनी फ्रीगंजमधून आणलं. अनसूयाताईंनी सबनीसांच्या पैशांतून केरळचं तिकीट काढलं. अन्नम्मा कोट्टायमला असते आणि तिचे गुडघे गेलेत, म्हणून ताईंनाच जायचं होतं. जामदारांनी त्यांना रेल्वेत बसवून दिलं, सामान वर ठेवलं आणि पाण्याची बाटली खिडकीशी ठेवली. नानाखेड्याच्या घराची किल्ली त्यांच्याकडे आली. गुरुवार चालूच राहिले, आता तुळशीला पाणी घालायला.

उन्हाळ्यात इंदूरच्या एका मंडळाने त्यांचं व्याख्यान ठेवलं. या वेळी जामदारांनी सगळं खरं सांगितलं. रांग, सही, सोलापूरचा क्लार्क, आदल्या वर्षीची इस्त्री. आपणच पहिल्यांदा खोटं बोललो हेही सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. टाळ्या पडल्या, पण आंब्याचा रस वाढायला घेतलाय असं कोणीतरी सांगितल्यावर पडल्या.

नंतर एक वयस्क गृहस्थ जवळ आले. "तुमचा अभ्यास आहे," ते म्हणाले. "पण एक दुरुस्ती सुचवतो. ते घड्याळ शेखांनी स्वतःच बांधलं होतं."

"अहो, मी आत्ताच सांगितलं न, तसं नव्हतं."

"आम्ही खुद्द त्या बाईंच्या तोंडून ऐकलंय, उज्जैनला, सहलीत," गृहस्थ म्हणाले. "त्या तिथे होत्या. तुम्ही होता का?"

जामदारांनी नव्हतो म्हणून कबूल केलं.

ते उज्जैनला पोचतात तोच अनसूयाताईंचा फोन आला. वीजबिल भरून द्या म्हणाल्या. आणखी महिनाभर राहणार होत्या. अन्नम्माच्या सुनेने त्यांच्यासाठी वेगळी खोली करून दिली होती.

"तब्येत ठीक आहे न?" जामदारांनी विचारलं.

"एकदम ठीक. इथे मासे खायला लागले मी." मग त्या म्हणाल्या, "खाडीत होते तेव्हा पण खायचे. मंडळात सांगू नका."

"नाही सांगत."

"वासंतीला सांगितलं तर चालेल."

जामदारांनी लगेच जाऊन सांगितलं. वासंती म्हणाली, तिला हे पहिल्या वर्षापासून माहीत आहे. लाडवाच्या डब्याबरोबर एकदा चिठ्ठी आली होती, करीमीन माशाला इकडे काय म्हणतात म्हणून.